मीठ रुखमाबाई घालेल

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. करडीच्या बाहेर, केशवरावांच्या आमराईत, ताडपत्रीवर पावशी मांडून पार्वताबाई गजभिये काकडीचं कडू काढत होत्या. पावशी म्हणजे इकडची विळी. देठाकडचं टोक उडवायचं, तोच तुकडा कापलेल्या जागी गोल घासायचा, पांढरा फेस वर आला की फडक्यानं पुसायचा. मग टोकाची एक चकती जिभेला लावून पाहायची आणि टोपलीत टाकायची. टोपली गुरांसाठी होती. कडू निघालेली काकडी आख्खीच्या आख्खी तिच्यात जायची. पहिल्या पोत्यात आतापर्यंत तीन कडू निघाल्या होत्या.

काकडी आदल्या संध्याकाळी वैनगंगेच्या रेतीतल्या डांगरवाडीवरून, म्हणजे काकडी-कलिंगडाच्या मळ्यावरून, आली होती. रात्रभर ओल्या बारदान्याखाली राहिल्यामुळे ती अजून ताठ होती. दुपारी त्रेचाळीसच्या पुढे पारा जाणार होता. एप्रिलमध्ये रोडग्यांची पार्टी ठेवणं शहाणपणाचं नाही, हे केशवरावांना माहीत होतं. पण पुण्या-नागपूरची मंडळी सुट्यांतच येतात. केशवराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी साठ पाहुणे बोलावले होते, शिवाय गावातली भावकी पंचवीस. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे म्हणजे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि उन्हाळा म्हणून गारगार सलाद. सगळं काम मोहाडीच्या इश्वर केटरर्सकडे होतं. कापाकापी पार्वताबाईंकडे.

गेली चौदा वर्षं ती त्यांच्याकडेच होती. इश्वर पहिल्यांदा लग्नाची ऑर्डर घेऊ लागला तेव्हापासून. वय आता सत्तावन्न. बारा किलो कांदा त्या सव्वा तासात कापत आणि त्या सव्वा तासात एकदाही डोळे पुसत नसत. त्यांच्या काकडीच्या चकत्या एकावर एक रचल्या तर काकडी पुन्हा उभी राहायची. हे इश्वरच लोकांना सांगायचा. गिऱ्हाइकासमोर त्यांना हाक मारून तो म्हणायचा, "या आमच्या मावशी. मशीनले मागं टाकते."

अडचण गुडघ्यांची होती. इकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. वयाच्या नवव्या वर्षापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत दर पावसाळ्यात चिखलात वाकून धान रोवला, त्यानंतर चौदा वर्षं पावशीवर पाय मुडपून बसल्या. फेब्रुवारीत भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की खाली बसणं बंद करायचं, नाहीतर चालणं बंद होईल. पार्वताबाईंनी घरी टेबल मांडून उभ्यानं सुरीनं कापून पाहिलं. पावशीवर जे काम वीस मिनिटांत व्हायचं त्याला तास लागला आणि अंगठा दोनदा कापला. पन्नाशीनंतर हात नवं शिकत नाही.

मार्ग इश्वरनंच काढला होता. अलीकडे लोक सलादचं वेगळं टेबल मागतात. बर्फाच्या ट्रेवर सात-आठ वाट्या, मागं एक बाई उभी, मागेल त्याला कालवून द्यायचं. मार्चमध्ये तो म्हणाला होता, "मावशी, या हंगामात टेबल तुमीच सांभाळा. मांगं खुर्ची ठेवू. केशवरावाची पार्टी चांगली निपटली का पक्कं समजा. कापायले मंग दुसरं कोणी पाहू."

म्हणजे आजचा दिवस चांगला गेला तर खुर्ची मिळणार होती. नाही गेला तर पुन्हा ताडपत्री, आणि ताडपत्रीवर फार तर एक हंगाम निघाला असता. ज्या कामात त्यांच्याइतकं तरबेज तालुक्यात कोणी नव्हतं, ते काम संपल्यावर करण्यासारखं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

या कामात एक नियम होता. सलाद पार्वताबाईंनी कापायचं आणि मीठ रुखमाबाईंनी घालायचं.

रुखमाबाई ही इश्वरची आत्या. पासष्टीच्या. त्या प्रत्येक ऑर्डरला मिठाचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या आणि पंगत बसली की उठून काकडीवर, कोबीवर मीठ भुरभुरायच्या. दुसरं काही काम त्यांना नव्हतं. इश्वरनं पहिल्याच दिवशी कारण सांगितलं होतं: मीठ आधी लागलं तर काकडीला पाणी सुटतं, म्हणून ते वाढतानाच घालायचं, आणि एकाच हातानं, म्हणजे अंदाज चुकत नाही. कारण खरंही होतं. काकडीला पाणी सुटतंच. पार्वताबाईंनी ते मान्य केलं, आणि पुढे मुलीला, तृप्तीलाही, हेच शिकवलं.

त्यांच्या नवऱ्याला, चिंधूला, ते पटलं नव्हतं. चिंधूचे वडील छप्पन साली पायी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि चिंधूला बोलताना आडपडदा ठेवायची सवय नव्हती.

"पाणी सुटते म्हणे!" तो हसला होता. "अवो, कच्चा कांदा तुह्या हातचा चालते त्याहीले. मीठ लागलं का ते अन्न होते. अन्न चालत नाई. रोडग्याच्या पिठाले कधी हात लावू देला का तुले?"

"ज्याचं त्याचं काम असते."

"हो. तेच तर म्हणून राहिलो मी. ज्याचं त्याचं."

त्यावर पार्वताबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. माणसाला सगळीकडे तेच दिसतं, असं त्यांना वाटलं. इश्वर त्यांच्या घरी चहा प्यायचा. चिंधू गेला तेव्हा टेम्पो घेऊन तोच आधी आला, लाकडंही त्यानंच आणली. त्याला चार वर्षं झाली. वाद तेवढा मिटायचा राहून गेला.

गेल्या गुरुवारी पार्वताबाईंनी घरी एक प्रयोग केला. टेबलावर शहरातली माणसं येणार, त्यांना नुसत्या चकत्या देऊन काय होणार? काकडी कोचायची, म्हणजे बारीक बारीक टोचून कापायची. तिला मीठ लावून दहा मिनिटं ठेवायची. मग पांढऱ्या फडक्यात बांधून पिळायची, पाणी सगळं काढून टाकायचं. वरून कोचलेली कैरी, कांदा, कोथिंबीर आणि भाजलेल्या जवसाचा कूट. कूट उरलंसुरलं पाणी पिऊन घेतो. वाटीभर करून त्यांनी ती अर्धा तास उन्हात ठेवली आणि मग ताटात पालथी घातली. ताट कोरडं होतं. चौदा वर्षं जी अडचण सांगितली जात होती, ती त्यांनी दूर केली होती. रुखमाबाई आल्या की त्यांच्याच हातानं मीठ लावून घ्यायचं, पिळायचं आपण, असं ठरवून आज, रविवारी, त्या जवसाचा डबा पिशवीत घालून आल्या होत्या.

सात वाजता कळलं की रुखमाबाई येत नाहीत.

"आत्याले ऊन लागलं काल," इश्वर गोवऱ्या उतरवता उतरवता म्हणाला. "उलट्या होऊन राहिल्या. मिठाचा डबा पाठवला तिनं. ठेवा तिकडे, मी पाहतो मंग."

डबा पार्वताबाईंच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर आला. चौदा वर्षांत तो इतक्या जवळ पहिल्यांदाच होता.

आचारी परसराम रोडग्यांचे गोळे वळत होता. तो तिथूनच ओरडला, "पार्वताबाई, आजपासून टेबलवाली मॅडम होऊन राहिल्या म्हणते तुमी!"

"होऊ द्या ना. तुमच्या रोडग्यासारखी राखेत तर नाई लोळत."

"राखेतूनच सोनं निघते, बाई."

"निघू द्या मंग. जळकं निघालं त मले नोका सांगू."

साडेअकराला टेबल तयार होतं. बर्फाच्या लादीवर सात वाट्या: काकडी, कांदा, टमाटर, पत्ताकोबी, गाजराचा कीस, कैरीच्या फोडी, भिजवलेले मूग. बाजूला लिंबाच्या फोडी आणि मिठाची वाटी, ज्याचं त्यानं घ्यावं म्हणून. मागं लाल प्लास्टिकची खुर्ची. पार्वताबाई तिच्यावर बसल्या आणि त्यांनी पाय सरळ केले. कामाच्या जागी पाय सरळ करून बसण्याची त्यांची ही पहिली वेळ.

केशवरावांची सून मोना पुण्याची. टोपी घालून ती सगळीकडे फिरत होती, रोडग्यांचे फोटो काढत होती. टेबलाशी येऊन थांबली.

"मावशी, हे सगळं तुम्ही कापलंत? हातानं?"

"मंग काय पायानं, बाई?"

मोना हसली. "हे तर आमच्याकडेही मिळतं. तुम्ही घरी करता तसं काही आहे का?"

पार्वताबाईंनी इश्वरकडे पाहिलं. तो दूर निखाऱ्यांजवळ, पाठमोरा, परसरामला काहीतरी ओरडून सांगत होता. बारा वाजून गेले होते. पंगत पाऊण तासात बसणार होती, आणि मीठ पाहतो म्हणालेला माणूस अजून आला नव्हता. जवसाचा डबा पिशवीत होता. मिठाचा डबा हाताच्या अंतरावर.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दाखवतो तुमाले."

पुन्हा एकदा खाली बसून त्यांनी चार किलो काकडी कोचली. गुडघ्यातून कळ कमरेपर्यंत गेली, ती त्यांनी गिळली. डबा उघडून मीठ घेतलं. तीन बोटांत मावेल तेवढं, मग परत तेवढंच, मग थोडं कमी. दहा मिनिटांनी फडकं पिळलं. हिरवट पाणी मातीत गेलं. त्यांनी तिसऱ्यांदा पिळलं, तेव्हा फडक्यातून काही निघालं नाही.

मोनानं उभ्याउभ्या दोन वाट्या खाल्ल्या. "अहो, हे काय आहे! मनिष, इकडे ये!" नवरा आला, त्याचे मित्र आले, नागपूरच्या दोन चुलत बहिणी आल्या. अर्ध्या तासात मोठं पातेलं अर्ध्यावर आलं. कोणीतरी कृती मोबाइलमध्ये टिपून घेतली. जवस म्हणजे नेमकं काय, असं एकानं विचारलं. पार्वताबाईंनी मूठभर काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. इश्वर येऊन पाहून गेला. गर्दी पाहून त्यानं मान हलवली. पार्वताबाईंनी ती होकाराची मानली.

"पंगतीले पण हेच पाठवा," जाता जाता तो म्हणाला. मीठ कोणी घातलं, हे त्यानं विचारलं नाही.

एक वाजता मोठ्या आंब्याखाली पंगत बसली. तरुण मंडळी टेबलाशीच होती. पंगतीत भावकीतली आणि गावातली जुनी माणसं, एकूण सतरा. टेबलापासून दहा पावलांवर. वाढप्यांनी पत्रावळीवर रोडगे फोडून तूप सोडलं, भाजी वाढली, डाव्या हाताला लिंबू, कांद्याच्या चकत्या, आणि परातीतून कोचलेली काकडी.

मोना सासऱ्यांना वाढायला वाकली. तिचा आवाज मुळातच मोठा. "बाबा, हे घ्याच. मावशींनी स्वतः केलंय. मीठमसाला सगळं त्यांच्याच हातचं."

केशवरावांनी सुनेकडे पाहून मान डोलावली. मग इश्वरकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "रुखमाबाई नाई आली का आज?"

"नाई जी. ऊन लागलं तिले."

"हं," केशवराव म्हणाले, आणि त्यांनी रोडगा वरणात कुस्करला.

त्यापलीकडे कोणी काही बोललं नाही. कुजबुज झाली नाही, कोणी उठलं नाही, कोणी कपाळाला आठी घातली नाही. पावसाची गोष्ट निघाली, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची निघाली. पार्वताबाई खुर्चीत बसून पाहत होत्या. रोडगे संपले, पुन्हा वाढले, पुन्हा संपले. लोक भाजीत बोटं बुडवून चाटत होते. डाव्या बाजूचा कांदा त्यांनी खाल्ला. तोही पार्वताबाईंनीच कापलेला होता, सकाळी, त्याच पावशीवर, त्याच हातांनी. काहींनी आणखी मागून घेतला. काकडीचा छोटा ढीग मात्र प्रत्येक पत्रावळीवर जसा वाढला तसाच होता. एका म्हातारबांनी तो पानाच्या काठापर्यंत बोटानं सरकवला आणि बोट मातीला पुसलं.

पंगत उठली तेव्हा पार्वताबाईंनी खुर्चीतूनच मोजलं. सतरा पत्रावळी, सतरा ढीग.

पत्रावळी उचलल्यावर इश्वर टेबलाशी आला. त्याच्या हातात परात होती. अर्ध्याहून जास्त काकडी उरली होती. परात त्यानं टेबलावर ठेवली आणि तो बर्फाकडे पाहत बोलू लागला.

"मावशी, काकडीले पाणी सुटलं होतं म्हणते. लोकायले नाई जमलं ते."

पार्वताबाईंनी परात दोन्ही हातांनी उचलली आणि एका बाजूला कलती केली. काकडी जागची हलली नाही. कडेला एक थेंब आला नाही. परात त्यांनी तशीच कलती धरून ठेवली, त्याला पाहावंच लागेपर्यंत.

इश्वरनं पाहिलं.

"नसन सुटलं मंग," तो म्हणाला. "पण लोक म्हणतेत."

"कोण म्हणते?"

"आता नाव कोणाचं घेऊ, मावशी?"

"पोट्टेपोट्टी खाऊन राहिले ना. त्याहीच्या वाटीत नाई सुटलं का पाणी?"

"ते पुण्याले जातेत उद्या. मले इथंच ऑर्डरी घ्यायच्या आहेत." तो ओशाळला होता, हे खरं. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मले काही नाई वो. तुमाले माहीत आहे. मी तुमच्या घरी चहा पितो."

"हो. साखर तृप्ती टाकते."

इश्वरनं बर्फावरच्या रिकाम्या वाट्या एकात एक घातल्या. मग म्हणाला, "टेबलावर रीताले उभी करतो. नवीन आहे, शिकन. तुमी कापायलेच बसा. तुमच्यासारखं कापणारं कोणी नाई मावशी, देवाशपथ."

"टोंगळे?"

"पाटाखाली दोन इटा ठेवू. उंच होईन जरा."

तो गेला. रीता म्हणजे त्याची बायको. तिला काकडीतली कडू कोणती हे कळत नाही, आणि टेबलामागं तिला ते कळायची गरजही नव्हती.

तीन वाजता मोना जायच्या घाईत येऊन भेटली. "मावशी, तुमचंच सगळ्यात बेस्ट होतं. सगळं संपलं ना?"

"संपलं," पार्वताबाई म्हणाल्या.

उरलेलं गुरांच्या टोपलीत टाकू का, असं वाढप्यानं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. जवसाचा रिकामा डबा भरला, बाकीचं मोठ्या पिशवीत बांधून घेतलं. मिठाचा डबा पुसला, झाकण घट्ट लावलं आणि इश्वरच्या टेम्पोत पुढच्या सीटवर ठेवला, रुखमाबाईंकडे जायला.

तृप्ती मोहाडीच्या औषधाच्या दुकानात काम करते. साडेपाचला घरी आली तेव्हा आई खाटेवर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांवर ओली फडकी होती. ताटानं झाकलेलं भांडं पाहून तृप्तीनं चमचा घेतला.

"आई, हे तर गुरवारचंच. भारी झालं आज. मीठ बरोबर पडलं." तिनं दुसरा चमचा घेतला. "इतकं कसं उरलं?"

"पाणी सुटलं म्हणे."

तृप्तीनं भांडं तिरकं केलं. मग सरळ केलं. चमचा खाली ठेवला.

"रुखमाबाई कुठं होत्या?"

"ऊन लागलं तिले."

भिंतीवर चिंधूचा फोटो होता. दोघीही त्याच्याकडे पाहायचं टाळत होत्या.

"बाबा सांगत होते तुले," तृप्ती म्हणाली.

"माहीत आहे."

"नोको जाऊ उद्यापासून. नाईतर तक्रार कर. कायदा आहे, आई."

"कोणाची करू? काय लिहू त्याच्यात?" पार्वताबाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांनी हा विचार टेम्पोतून करडीतल्या घरी येईपर्यंत केला होता. "कोणी मले काही बोललं का? उठ म्हणलं का? केशवरावानं विचारलं, रुखमाबाई नाई आली का. एवढंच. सतरा जणायनं काकडी नाई खाल्ली. नाई खाणं गुन्हा आहे का?"

तृप्तीनं आईच्या गुडघ्यावरचं फडकं काढलं, ते गरम झालं होतं. बादलीत बुडवून पिळलं आणि परत ठेवलं.

"चौदा साल मीच सांगत होती तुले," पार्वताबाई म्हणाल्या. "मीठ वाढतानाच. नाईतर पाणी सुटते."

"सुटतेच ना, आई."

"सुटते. पिळलं का नाई सुटत." त्यांनी डोळे मिटले. "मीच पाहाले गेली. नसती पाहाले गेली तर अजून दहा साल तेच खरं राहिलं असतं."

तृप्तीनं जेवणाची दोन ताटं वाढली. काकडी दोघींनी खाल्ली. एकदा नाही, दोनदा घेतली. तरी ती संपली नाही, आणि त्या उकाड्यात सकाळपर्यंत टिकणारही नव्हती. उरलेली तृप्तीनं शेजारच्या बकरीपुढं टाकली.

आठ वाजता इश्वरचा फोन आला. तो नेहमीसारखाच बोलला, फक्त थोडा भरभर. पार्वताबाईंनी ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. मग खाटेखालून पावशी ओढून पात्याला दगड लावला, तो नेहमीसारखाच, दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा.

उद्याची ऑर्डर बपेरा गावातली आहे. दीडशे माणसं, अठरा किलो काकडी, बारा किलो कांदा. टेम्पो पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी करडीच्या बसथांब्यावर येईल, त्यात पाटाखाली ठेवायला दोन विटा असतील. रुखमाबाईंना अजून बरं नाही, म्हणून मिठाचा डबा रीताकडे असेल.